‘जरी’ नावाचा हुकूम

२९ मे २०२१ रोजी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर कथीड्रलमध्ये कॅरी सायमंड्स यांच्याशी लग्न केलं. हे त्यांचं तिसरं लग्न. आधीच्या दोन्ही बायका हयात, दोघींशी रीतसर घटस्फोट झालेला. आणि कथीड्रल मात्र कॅथलिकांचं, म्हणजे घटस्फोट न मानणाऱ्या चर्चचं. अनेक कॅथलिकांचं डोकं तडकलं. एखादा घटस्फोटित कारकून फादरांकडे गेला तर त्याला हात हलवत परत यावं लागतं, मग पंतप्रधानांना वेगळा न्याय का?

चर्चकडून एवढंच सांगितलं गेलं की वधूवर दोघंही त्याच पॅरिशचे, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतले, आहेत, दोघांचा बाप्तिस्मा कॅथलिक आहे आणि सगळे सोपस्कार पार पडले आहेत. उरलेला उलगडा चर्चच्या कायद्याच्या जाणकारांनी केला. जॉन्सन यांचा लहानपणी कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला होता. कॅथलिक माणसाने लग्न एका ठरावीक रीतीनेच करायला हवं, आणि आधीची दोन्ही लग्नं त्या रीतीने झालेली नव्हती. त्यामुळे ती मोडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण चर्चच्या वहीत ती कधी लागलीच नव्हती. जगाच्या लेखी तिजवर असलेला माणूस चर्चच्या लेखी प्रथमवर होता.

हे ऐकून बहुतेकांना वाटतं की कॅथलिक चर्च आपल्याबाहेरचं कुठलंच लग्न मानत नाही. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. दादरच्या एखाद्या हॉलमध्ये दोन हिंदूंनी सप्तपदी केली, तर ते लग्न कॅथलिक चर्चच्या दृष्टीने पक्कं. दोन मुसलमानांचा निकाह पक्का. नगरकडच्या दोन प्रोटेस्टंट घरांतल्या मुलामुलीने आपल्या चर्चमध्ये लग्न केलं तर ते नुसतं पक्कंच नव्हे, दोघांचा बाप्तिस्मा झालेला असल्यामुळे पवित्र संस्कारही ठरतं, मग ते स्वतः लग्नाला संस्कार मानोत न मानोत. अडतं ते फक्त कॅथलिकांचं. वर किंवा वधू यांपैकी एक जरी कॅथलिक असेल आणि चर्चची रीत पाळली नसेल, सूटही घेतली नसेल, तर रजिस्ट्रारचा शिक्का, पाचशे पाहुणे आणि तीस वर्षांचा संसार मिळूनही ते लग्न चर्चच्या हिशेबात वैध होत नाही.

या उदारपणाचा चटका कधी कधी भलत्याच ठिकाणी बसतो. समजा वसईतल्या एका कॅथलिक मुलीला एका घटस्फोटित हिंदू मुलाशी लग्न करायचं आहे. घरच्यांना वाटतं, त्याचं पहिलं लग्न काही चर्चमध्ये झालेलं नव्हतं, शिवाय कोर्टाने ते मोडलंय, मग अडचण कसली? फादर मात्र त्या पहिल्या लग्नाची कागदपत्रं मागतात. कारण दोन हिंदूंचं ते लग्न चर्चने मनापासून खरं मानलेलं असतं, आणि खरं लग्न कोर्टाच्या कागदाने सुटतं हे चर्चला मान्य नाही. तोच मुलगा कॅथलिक असता आणि पहिलं लग्न नुसतं रजिस्टर केलेलं असतं, तर वाट कितीतरी सोपी झाली असती. परक्याचं लग्न भक्कम आणि घरच्याचं कच्चं, असा हा उलटा न्याय आहे. तो आला कुठून हे समजायला साडेचारशे वर्षं मागं जावं लागतं.

बाराव्या शतकापासून, विशेषतः पोप तिसरा अलेक्झांडर याच्या निवाड्यांपासून, पश्चिमेकडच्या चर्चमध्ये एक तत्त्व घट्ट झालं होतं: लग्न लागतं ते दोघांच्या संमतीने. लग्न पाद्री लावत नाही, नवरा-बायको एकमेकांना लावतात. आजही लॅटिन परंपरेतल्या कॅथलिकांचं हेच मत आहे. फादर तिथे मुख्य साक्षीदार असतो, संस्काराचे दाते वधूवर स्वतः असतात. ‘मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’, ‘मी तुला पती म्हणून स्वीकारते’ एवढं वर्तमानकाळात म्हटलं की झालं. मग ते गोठ्यात म्हटलेलं असो, झाडाखाली किंवा खानावळीत.

तत्त्व देखणं होतं, पण ते वापरायला सोपं असल्यामुळेच घातक ठरलं. एखादा तरुण गुपचूप शब्द देई, काही महिन्यांनी दुसऱ्या गावात वाजतगाजत दुसरीशी लग्न करी, आणि पहिली पुढे आली की सरळ कानांवर हात ठेवी. साक्षीदार नाहीत, कागद नाही. चर्चचं न्यायालय हतबल. देवासमोर तो पहिलीचा नवरा, गावासमोर दुसरीचा. पहिलीच्या पदरात मूल आणि बदनामी. शिवाय बड्या घरच्यांना वेगळीच चिंता होती: पोरं परस्पर लग्नं उरकून इस्टेटीची वाट लावतात. फ्रान्सच्या राजाला तर आईबापांच्या परवानगीवाचून झालेली लग्नं रद्दच व्हायला हवी होती. ही मागणी चर्चने मान्य केली नाही. आईबाप नको म्हणाले तरी लग्न लागतंच, यावर ते ठाम राहिलं. आपल्याकडच्या ‘पळून जाऊन’ लग्न करणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

तोडगा निघाला तो उत्तर इटलीतल्या ट्रेंट इथल्या धर्मसभेत, ११ नोव्हेंबर १५६३ रोजी. चर्चचे हुकूम त्यांच्या पहिल्या लॅटिन शब्दांवरून ओळखले जातात. या हुकमाचा पहिला शब्द ‘तामेत्सी’, म्हणजे ‘जरी’. आशय असा: गुपचूप पण स्वखुशीने झालेली लग्नं आजवर जरी खरी होती, तरी यापुढे पॅरिशचा पाद्री आणि दोन किंवा तीन साक्षीदार यांच्यासमोर न झालेलं लग्न शून्य समजावं. एका ‘जरी-तरी’वर सारा डोलारा उभा आहे. धर्मसभेतही हे सहजासहजी गळी उतरलं नाही. पन्नासहून अधिक बिशपांनी विरोधात मत दिलं. त्यांचा आक्षेप वजनदार होता: लग्न जर संमतीने लागतं आणि ती व्यवस्था देवाची आहे, तर संमती अपुरी ठरवणारे आपण कोण? यावर सभेने वकिली शिताफीने उत्तर काढलं. संमतीच्या तत्त्वाला हात लावला नाही. रीत न पाळता लग्न करू पाहणारी माणसंच ‘लग्नाला अपात्र’ ठरवली. अपात्र माणसाच्या संमतीने लग्न कसं लागणार? मला स्वतःला हा युक्तिवाद पटण्यापेक्षा जास्त आवडतो.

हुकमात एक मोठी फट राहिली. तो ज्या पॅरिशमध्ये जाहीर वाचला जाईल तिथेच, आणि वाचल्यावर तीस दिवसांनी लागू होणार होता. प्रोटेस्टंट राजवटींत तो वाचणार कोण? इंग्लंडमध्ये तो जाहीर झालाच नाही, त्यामुळे तिथल्या कॅथलिकांची पाद्र्याविना झालेली लग्नंही पुढची साडेतीनशे वर्षं वैध राहिली. एकाच धर्माच्या माणसाचं लग्न एका गावात खरं, आणि नदी ओलांडली की खोटं. हॉलंडमध्ये तर इतका घोळ झाला की १७४१ साली पोप चौदावा बेनेडिक्ट याला तिथल्या प्रोटेस्टंटांची आणि मिश्र लग्नं या रीतीवाचूनही वैध असल्याचं खास जाहीर करावं लागलं.

दुसरी फट जास्त मजेशीर होती. ट्रेंटने पाद्री ‘हजर’ हवा म्हटलं होतं, तो राजी हवा असं म्हटलं नव्हतं! इटालियन लेखक मान्झोनी याच्या ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ या गाजलेल्या कादंबरीत गुंडाच्या धाकाने लग्न लावायला टाळाटाळ करणाऱ्या पाद्र्याच्या घरात रेन्झो आणि लुचिया हे जोडपं रात्री दोन साक्षीदार घेऊन घुसतं. रेन्झो आपलं वाक्य म्हणून मोकळा होतो. लुचियाचं वाक्य पुरं व्हायच्या आत पाद्री टेबलावरचं कापड ओढून तिच्या तोंडावर टाकतो. वाक्य अर्धं राहतं, लग्न हुकतं. प्रसंग विनोदी आहे, पण त्यामागचा कायदा अगदी खरा. पाद्र्याच्या कानावर दोन वाक्यं पडली असती तर त्याच्या मनाविरुद्धही ते लग्न पक्कं होणार होतं.

आणि नेपोलियन. १७९६ साली त्याने जोसेफीनशी फक्त सरकारी लग्न केलं होतं. डिसेंबर १८०४ मध्ये सम्राट म्हणून अभिषेक व्हायचा, खुद्द पोप सातवा पायस पॅरिसला आलेला. अभिषेक तोंडावर आला असताना जोसेफीनने पोपला सांगून टाकलं की आमचं चर्चमधलं लग्न झालेलंच नाही. पोप अडून बसला. मग आदल्या दिवशी राजवाड्यातच, गुपचूप, नेपोलियनचा मामा कार्डिनल फेश याने लग्न लावून दिलं. पॅरिशचा पाद्री नाही, साक्षीदार नाहीत. १८१० साली सम्राटाला वारसासाठी दुसरी राणी हवी झाली तेव्हा हीच उणीव उपयोगी पडली. पॅरिसच्या धर्मन्यायालयाने जोसेफीनशी झालेलं लग्न अवैध ठरवलं. या उणिवांपासून पोपने आपल्याला सगळी सूट दिली होती, असं मामा मात्र म्हणत होता. नव्या लग्नाला १३ कार्डिनल आलेच नाहीत. संतापलेल्या सम्राटाने त्यांचे लाल झगे उतरवले आणि ते ‘काळे कार्डिनल’ म्हणून इतिहासात राहिले. बायकोला वाऱ्यावर सोडणाऱ्यांना वेसण घालायला जी रीत आणली, तीच अडीचशे वर्षांत बायको सोडायच्या कामी आली होती.

पोप दहावा पायस याने २ ऑगस्ट १९०७ च्या ‘ने तेमेरे’ म्हणजे ‘अविचाराने नको’ या हुकमाने ही रीत, मोजके अपवाद सोडून, जगभर लागू केली. १९०८ च्या ईस्टरपासून गावोगावचा फरक संपला आणि कापड फेकायची गरजही संपली: पाद्र्याने बळजबरीवाचून, स्वतः संमती विचारून ऐकली पाहिजे असं ठरलं. मात्र नवी जखम झाली. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांची प्रोटेस्टंट चर्चमधली लग्नं आता सर्रास अवैध ठरू लागली. १९१० साली बेलफास्टमधला मॅककॅन नावाचा एक कॅथलिक नवरा प्रेस्बिटेरियन बायकोला सोडून मुलांसह निघून गेला. पाद्र्याने ‘तुमचं लग्न खरं नाही’ सांगितल्यामुळे हे घडलं, असा आरोप झाला. खरं काय घडलं याच्या दोन्ही बाजू आजही वेगवेगळ्या सांगितल्या जातात, पण प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं आणि आयर्लंडच्या राजकारणातल्या आगीत तेल ओतून गेलं.

आजचा नियम १९८३ च्या कायदेसंहितेतला आहे. बिशप, पॅरिशचा फादर किंवा त्यांनी नेमलेला फादर वा डीकन (फादरच्या खालच्या पायरीचा धर्मसेवक), आणि दोन साक्षीदार. बस्स. यातला ‘नेमलेला’ हा शब्द आपल्याकडच्या लग्नांत फार महत्त्वाचा, कारण कॅथलिक घरांत एखादा तरी मामा किंवा काका फादर असतोच, आणि लग्न त्यानेच लावावं असा सगळ्यांचा हट्ट असतो. त्याला स्थानिक पॅरिशकडून अधिकार मिळालेला नसेल तर फुलांनी सजवलेल्या चर्चमध्ये, वेदीसमोर, गायकवृंदासह झालेलं लग्नही अवैध ठरू शकतं. उलट, योग्य अधिकाराच्या फादरने परवानगीवाचून एखाद्या लॉनवर लग्न लावलं तर ते नियमबाह्य, पण वैध. मराठीत ‘चर्चबाहेरचं लग्न’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर इमारत येते. कायद्याच्या डोळ्यांसमोर अधिकार असतो.

खुद्द चर्चने ठेवलेले अपवादही ऐकण्यासारखे आहेत. मरण समोर असेल, किंवा महिनाभर फादर मिळणारच नाही असं दिसत असेल, तर नुसत्या दोन साक्षीदारांसमोर झालेलं लग्न वैध. तिथे जुनं संमतीचं तत्त्व पुन्हा डोकं वर काढतं. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तिथल्या पाद्र्याने लावलेलं कॅथलिकाचं लग्नही वैध. केरळात दोन्ही चर्चची माणसं शेजारी नांदतात, त्यामुळे तिथे याचं महत्त्व मोठं. कॅथलिकांच्याच सीरो-मलबारसारख्या पौर्वात्य परंपरेत मात्र पाद्र्याचा आशीर्वादच लग्नाचा भाग मानतात, त्यामुळे तिथे डीकन चालत नाही.

मिश्र लग्नांत बिशप या रीतीतून सूट देऊ शकतात, आणि ही गोष्ट फार थोड्या घरांना माहीत असते. हिंदू किंवा मुसलमान जोडीदाराशी लग्नाला मुळात धर्मभिन्नतेची सूट लागतेच. ती घेतली नाही तर चर्चमध्ये लावलेलं लग्नही वैध होत नाही. जोडीदाराने धर्म बदलावा अशी अट नसते. कॅथलिक बाजूने मात्र आपली श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन द्यायचं असतं. समोरच्याला त्याची कल्पना द्यायची, सही मागायची नाही. याशिवाय सबळ कारण असेल तर रीतीतूनही सूट मिळते, आणि मग दुसऱ्या एखाद्या जाहीर पद्धतीने झालेलं लग्न चर्च वैध धरतं. सकाळी चर्च आणि संध्याकाळी सप्तपदी हा मुंबईकर तोडगा मात्र चर्चला रुचत नाही: संमती एकदा दिली की दुसऱ्या धर्मविधीत ती पुन्हा द्यायची नाही, असा स्पष्ट नियम आहे. जेवणावळीला मनाई नाही.

इथे देशाच्या कायद्याचं भान ठेवलेलं बरं. १८७२ च्या भारतीय ख्रिश्चन विवाह कायद्यात दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरतं, त्यामुळे हिंदू-कॅथलिक जोडप्याचं चर्चमधलं लग्न सरकारलाही मान्य. पण ख्रिस्ती आणि हिंदू यांनी धर्मांतर न करता केवळ हिंदू पद्धतीने केलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली टिकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये दिला. म्हणजे सूट न घेता देवळात हार घालणारं असं जोडपं एकाच फटक्यात दोन्ही दरबारी अविवाहित राहतं. त्यांच्यासाठी सरकारी वाट आहे ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची. गोव्याचा न्याय आणखी निराळा. तिथे पोर्तुगीजांच्या १९४६ च्या हुकमाने चर्चमधल्या लग्नाला आणि ते रद्द ठरवणाऱ्या चर्चच्या निवाड्यालाही मुलकी परिणाम दिला होता. उरलेल्या भारतात चर्चच्या निवाड्याने सरकारी लग्न सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगून टाकलंय.

मग नुसतं रजिस्टर लग्न केलेल्या कॅथलिक जोडप्याचं काय? त्यांना मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, येता येतं, पण तिथलं कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घेता येत नाही. दुसऱ्याच्या मुलाचे धर्मपालक होता येत नाही; स्वतःच्या मुलाचा बाप्तिस्मा सहसा अडत नाही. हा संबंध आणि काहीही न ठरवता एकत्र राहणं यांत फरक आहे, कारण इथे निदान बांधिलकी जाहीर केली आहे, असं पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालीच लिहून ठेवलं. आपली माणसं म्हणतात, ‘जाऊन लग्न ब्लेस करून घ्या.’ हा शब्द मोठा फसवा आहे. तिथे जुन्या लग्नावर पाणी शिंपडत नाहीत. दोघांनी नव्याने संमती द्यायची असते आणि चर्चच्या मते लग्न त्या दिवसापासून सुरू होतं. वीस वर्षं संसार केलेल्या हिंदू नवऱ्याला हे कसं वाटेल? ‘माझं लग्न झालंय एकदा. आता परत कसली शपथ?’ त्याचं म्हणणं चुकीचं नाही, आणि चर्चलाही ते कळतं. म्हणून दुसरा उपाय आहे: लग्नाची मुळापासून दुरुस्ती. दोघांची पहिली संमती अजून टिकून असेल तर बिशप ती जशीच्या तशी उचलून धरतात. पुन्हा विधी नाही, आणि लग्नाचे परिणाम मागच्या तारखेपासून धरले जातात. गंभीर कारण असेल तर जोडीदाराला न सांगताही हे करता येतं. नवरा घरी चहा पीत बसलेला असतो आणि तिकडे त्याचं लग्न वैध होतं.

आता पुन्हा जॉन्सन यांच्याकडे. त्यांची वाट मोकळी होण्याचं कारण दडून बसलेली पळवाट नाही, तर नियमाचा सरळ अर्थ. चर्चमध्ये लग्न केलेल्या कॅथलिकाला ते अवैध ठरवून घ्यायचं तर धर्मन्यायालयात जबाब, साक्षी, कधी मानसतज्ज्ञ, असा लांबचा रस्ता असतो. रीतच न पाळणाऱ्याला मात्र बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा आणि घटस्फोटाचा कागद दाखवला की पुरतं. ज्याने नियम पाळला तो अडकला, ज्याने पाळला नाही तो सुटला. ट्रेंटच्या बिशपांपुढे पोटात मूल घेऊन उभी राहिलेली बाई होती. तिला नाकारणाऱ्या पुरुषाला बांधण्यासाठी त्यांनी ही रीत घातली. आज एखादा कॅथलिक दहा वर्षं रजिस्टर लग्नात राहून, दोन मुलांनंतर बायकोला सोडून, पांढऱ्या फुलांच्या कमानीखाली पुन्हा उभा राहू शकतो. चर्चच्या कायद्याच्या काही अभ्यासकांनी म्हणूनच सुचवलंय की रीत कर्तव्य म्हणून ठेवा, वैधतेची अट म्हणून नको. रोमने अजून ते ऐकलेलं नाही. उलट, औपचारिकपणे चर्च सोडून गेलेल्यांना १९८३ मध्ये दिलेली मोकळीक पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये काढून घेतली. एकदा कॅथलिक, की लग्नापुरता तरी कायमचा कॅथलिक.

एक कुंपण मात्र आहे. आधीच्या जोडीदाराकडे किंवा मुलांकडे ज्याची नैसर्गिक जबाबदारी उरलेली आहे, त्याचं लग्न फादरने बिशपांच्या परवानगीवाचून लावायचं नाही. आधीचं लग्न चर्च मानत नसेल, पण पोटगी आणि मुलं मानतं.

आणि एक वही आहे. कॅथलिकाचं लग्न झालं की त्याची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवतात. तिथल्या जुन्या वहीत, नावाशेजारच्या समासात, ती बारीक अक्षरात लिहून ठेवतात. म्हणून लग्न ठरलं की फादर बाप्तिस्म्याचा जुना दाखला चालवून घेत नाहीत, नवा काढून आणायला लावतात. समास कोरा आहे का ते त्यांना पाहायचं असतं. रजिस्ट्रार मात्र पॅरिशला काहीच कळवत नाही. त्यामुळे समास कोरा असला तरी फादर चष्मा वर सरकवून विचारतात, ‘रजिस्टर लग्न वगैरे केलं होतंस का रे कधी?’